मॉन्सेरात अर्ध्या दिवसात उरकू नका

मॉन्सेरात हा स्पेनमधल्या बार्सिलोनाजवळचा, मठासाठी प्रसिद्ध असलेला डोंगर. बार्सिलोनाहून तो ‘अर्ध्या दिवसात सहज होतो’, असं एका लेखात वाचलं, पण ते मनाला पटलं नाही. मठ आणि तिथल्या काळ्या मेरीच्या मूर्तीचं दर्शन तेवढ्यात होईल, डोंगर मात्र राहून जाईल. बार्सिलोनातल्या प्लासा एस्पान्या स्थानकातून सुटणाऱ्या आर-५ गाडीने सकाळी लवकर निघा. खालून वर जायला रोपवे आहे, दातेरी रुळांची छोटी रेल्वेही आहे. मठापासून सांत जोआनची फ्युनिक्युलर (तारेने चढावर ओढली जाणारी गाडी) घेतली की पुढे सांत जेरोनी शिखरापर्यंत (१,२३६ मीटर) सुंदर पायवाट आहे. तिथला खडक जवळून बघाच! आपल्या सह्याद्रीचा लाव्हारसाचा बेसॉल्ट, आणि हा नद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांचा, चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे एकमेकांना घट्ट चिकटलेले. उभ्या भेगांतून पाणी मुरत, झिजत हे गोलसर सुळके तयार झाले. मला तरी मठाइतकंच हेही पूजनीय वाटतं. १९८७ पासून हा भाग नैसर्गिक उद्यान म्हणून संरक्षित आहे, त्यामुळे वाट सोडून चालू नये. पाणी खालूनच भरून घ्या, उन्हाळ्यात तर भरपूर. आणि परतीच्या शेवटच्या फ्युनिक्युलरची वेळ आधी बघून ठेवा, ऋतूनुसार बदलते.