कारखान्याला मदत म्हणजे उसवाल्यांचे लाड नव्हेत

सध्या एक मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सरकार साखर कारखान्यांना करदात्यांचा पैसा फुकट वाटतं, उसाला आयता हमीभाव मिळतो, मदत संचालकांच्या खिशात जाते, तेव्हा तोट्यातले कारखाने बंद पडू द्या, पाणी पिणाऱ्या उसाऐवजी शेतकरी दुसरं पीक घेईल. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून ऊस आहे. म्हणून यातला एकेक मुद्दा घेतो.

'फुकट वाटतं.' या मदतीचा बराच भाग कर्ज, व्याज सवलत आणि हमी यांचा असतो. जून २०१५ मध्ये थकीत ऊसबिलांसाठी ६,००० कोटी जाहीर झाले, ते बँकांचं कर्ज होतं. केंद्राने पदरचे घालायचे होते ते एका वर्षाच्या व्याजापोटी ६०० कोटी. २०२३ च्या अर्थसंकल्पात सहकारी कारखान्यांना सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळाला म्हणून ओरड झाली. तो काय होता? कारखान्यांनी शेतकऱ्याला जो जादा दर दिला, तो खर्च न धरता नफ्याचं वाटप धरून मागच्या वर्षांचा प्राप्तिकर लावला होता. ती कराची मागणी सुटली. तिजोरीतून कुणी थैली काढून दिली नाही.

'उसाला आयता हमीभाव.' एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, सरकार देत नाही, कारखाना देतो. सरकार फक्त आकडा ठरवतं. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसाच्या वजनातून निघणारी साखर) क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. आता सव्वाअकरा उताऱ्याचा एक टन ऊस घ्या. त्याची एफआरपी ३,८९६ रुपये. तोडणी-वाहतूक त्यातूनच कापली जाते, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात बरेच कमी येतात. त्या टनातून साखर निघते ११२.५ किलो. फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेची किमान विक्री किंमत ३१ रुपये किलो ठरली. त्या दराने या साखरेचे होतात ३,४८७ रुपये. म्हणजे उसाचे पैसेच भागत नाहीत. कामगारांचा पगार, चुना, गंधक, बारदान, बँकेचं व्याज हे पुढेच राहिलं. बाजारात साखर त्याहून वर विकली जाते आणि मळी आणि बगॅस (उसाचं चिपाड) यांचेही पैसे येतात, हे मान्य. पण २०१८-१९ ला २७५ असलेली एफआरपी वाढत गेली आणि ही किमान किंमत कित्येक हंगाम जागची हलली नाही, हा हिशेब त्या मजकुरात कुठेच नाही.

इथेच खरी मेख आहे. 'धंदा जमत नसेल तर बंद करा' हे मोकळ्या धंद्याला म्हणता येतं. साखर मोकळी आहे कुठे? कोणत्या कारखान्याने महिन्याला किती साखर विकायची, हा कोटा दिल्लीत ठरतो. जून २०२२ पासून निर्यातीवर बंधन आलं, कारण देशात साखर महागू नये. आसवनी, म्हणजे इथेनॉलचा प्रकल्प, उभारा म्हणून व्याज सवलत सरकारनेच दिली, कारखान्यांनी कर्जं काढली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ऐन हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई झाली. काही दिवसांत ती थोडी सैल केली, पुढच्या हंगामाआधी उठवली. तोवर कर्जाचे हप्ते काही थांबले नव्हते. गिऱ्हाइकाला साखर स्वस्त मिळावी हे धोरण असेल तर असू दे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याची किंमत एकट्या ऊसवाल्याने का मोजायची? मदत ही त्या किमतीची अर्धीमुर्धी भरपाई आहे.

'कारखाना बंद पडू द्या.' हे लिहिणाऱ्याने मे महिन्यात उभा असलेला ऊस पाहिलेला नसावा. तुरा येतो, कांडी पोकळ होते, वजन घटतं, खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटणारा पुढचा ऊस, वाया जातो. सोयाबीन पोत्यात भरून ठेवता येतं, तोडलेला ऊस दोन दिवस ठेवला तरी उतारा पडतो. २०२१-२२ ला मराठवाड्यात गाळपाविना ऊस राहिला, तेव्हा राज्याला लांबच्या वाहतुकीसाठी टनाला किलोमीटरमागे ५ रुपये आणि उतारा घटीपोटी टनाला २०० रुपये द्यावे लागले. जवळचा कारखाना बंद झाला की हेच दरवर्षी. पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. दुष्काळी पट्ट्यात पाटपाण्यावर ऊस नको, ठिबक सक्तीचं करा. पण पीक बदलायला चार-पाच वर्षं आणि डाळी-तेलबियांची खात्रीची खरेदी लागते.

'पैसा संचालकांच्या खिशात.' यावर मी भांडणार नाही. राजकीय वजन बघून हमी मिळते, उसाच्या वजनात काटा मारला जातो, हे गावात प्रत्येकाला ठाऊक आहे. पण त्यावर उपाय मदत तोडणं हा नाही. २०१५ चं कर्ज बँकांनी थेट शेतकऱ्यांच्या खात्यावर टाकायचं होतं. तीच अट प्रत्येक मदतीला लावा. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. राज्याने २०२२ मध्ये एफआरपीचे दोन हप्ते पाडले, ते मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. आमचा एका वर्षीचा ऊस फेब्रुवारीत गेला, शेवटचं बिल पोळ्याच्या आदल्या दिवशी जमा झालं. सोसायटीच्या पीककर्जाचं व्याज आम्ही मार्चलाच भरलं होतं. कारखान्याकडून व्याजाचा एक रुपया आजवर आलेला नाही.