'अर्धे बळी पुरुषच' या फॉरवर्डबद्दल थोडा खुलासा

'घरगुती हिंसाचारात अर्धे बळी पुरुष असतात, सायन्सने सिद्ध केलंय' असा मेसेज फिरतोय आणि त्याखाली 'सगळं खोटं, पुरुषांना कोण मारतंय' असली उत्तरं. दोन्ही चूक आहेत.

निम्मे-निम्मेवाले आकडे बहुतेक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्राऊसच्या १९७९ च्या प्रश्नावलीतून येतात. त्यात विचारतात की गेल्या वर्षभरात ढकललं का, थप्पड मारली का, काही फेकून मारलं का, आणि किती वेळा. बस. आधी कोणी सुरू केलं, स्वतःला वाचवायला हात उचलला का, समोरचा रोज धाकात राहतो का, हे त्यात कळतच नाही, म्हणजे भांडणात एकदा दिलेला धक्का आणि वर्षानुवर्षं चाललेल्या छळातला धक्का कागदावर सारखाच दिसतो. दुखापत आणि लैंगिक जबरदस्तीचे प्रश्न तर १९९६ च्या सुधारित आवृत्तीत आले.

पण म्हणून पुरुषांचा छळ होतच नाही असं म्हणणं म्हणजे अतिच झालं राव. अमेरिकेत हाइन्स आणि डग्लस या संशोधकांनी जोडीदाराच्या छळामुळे मदत मागितलेल्या ३०२ पुरुषांचा अभ्यास केला, त्यात गंभीर मारहाण आणि कंट्रोल करणं दोन्ही सापडलं. आता हे सगळे मदत मागणारे होते, त्यामुळे त्यावरून एकूण समाजात किती टक्के हे काढता येत नाही, आणि जे लाजेने कुठे बोललेच नाहीत ते तर यात नाहीतच. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे, टक्केवारीच्या भांडणात नाही.