नोटांचा ढीग बाळगणाऱ्यांसाठी किरणोत्सर्गी हितोपदेश

घरात नोटांचा ढीग आहे ना? मग आधी थोडं भौतिकशास्त्र वाचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारच्या नोटेत चिप होती, आठवतंय? जमिनीखाली १२० मीटरवर पुरली तरी उपग्रहाला सापडणारी! रिझर्व्ह बँक नाही म्हणाली, पण व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या काकांपुढे रिझर्व्ह बँक कोण? चिपचं पितळ उघडं पडलं, तशी डिसेंबरात काकांनी शाईत फॉस्फरस-३२ कालवला. किरणोत्सर्गी! ढीग दिसला की यंत्र ओरडणार आणि आयकरवाले दारात.

बिलकुल घाबरू नका. फॉस्फरस-३२ मधून निघणाऱ्या बीटा कणांचा (म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांचा) दम हवेत सहा-सात मीटरांत संपतो. म्हणजे धाड घालणाऱ्याला यंत्र घेऊन आधी तुमच्या त्याच खोलीत यावं लागणार. तिथवर पोचलाच, तर ढीग त्याला नुसत्या डोळ्यांनीही दिसेल.

नोटा सुट्या मात्र ठेवू नका, रबर लावून गड्ड्या करा. एका नोटेला हा कण जुमानत नाही, पण शंभर नोटांची गड्डी म्हणजे त्याला भिंतच. तळातली नोट कितीही बोंबलली तरी वरच्या नव्व्याण्णव जणी तिचं तोंड दाबून बसतात. ढीग जितका मोठा, तितक्या जास्त नोटा गप्प. (मोठ्या रकमांचं एरवीही असंच असतं म्हणा.) शिशाच्या पेटीचा खर्च करू नका, शिशावर हे कण आपटले की उलट क्ष-किरण निघतात. प्रयोगशाळेत सेंटिमीटरभर ॲक्रिलिकवर भागतं, तुमचंही भागेल.

आणि जरा कळ काढा. फॉस्फरस-३२ चा जोर दर १४ दिवसांनी निम्मा होतो. वर्षभरात मूळच्या चार कोटींतला एक भागही उरत नाही. तुमचा पैसा तर वर्षानुवर्षं मुरलेला! यंत्र ओरडेल ते पगाराच्या दिवशी एटीएममधून चार कोऱ्या नोटा काढून खिशात घातलेल्या माणसावर.

कुणी हुशार म्हणेल, मग पोलादातून आरपार जाणारे गॅमा किरण सोडणारं काहीतरी घाला. घाला की! ते कॅशिअरच्याही आरपार जातील. तो बिचारा दिवसभर बोटाला थुंकी लावून नोटा मोजतो.

मे २०२३ मध्ये नोटच मागे घेतली. तुमची एखादी गड्डी माळ्यावर विसरली असेल, तर बिनधास्त उतरवा. शाईत फॉस्फरस-३२ असताच, तरी एव्हाना त्याचं साधं गंधक झालं असतं.