भुताला लेखक असला की

पुण्यात दादाच्या सोसायटीत ऑक्टोबर लागला की दरवर्षी एकच वाद पेटतो: मुलांसाठी हॅलोविन, म्हणजे भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार फिरायचं, ते करायचं की नाही? वहिनी करायच्या बाजूची. समोरच्या इमारतीतले एक काका कडाडून विरोधात. ऐन दिवाळीच्या तोंडावर जिन्यात भुतं नाचवणं अभद्र आहे आणि हे आपलं तर मुळीच नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय सोसायटीतल्या एक बाई अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहेत. त्या म्हणतात, भूत नसतं हे सांगून आमचे घसे कोरडे पडले आणि तुम्ही पोरींना हडळी करून फिरवता. यंदा वहिनीने मलाच फोन लावला. "तुमच्याकडेच जन्मलंय ना हे? मग तूच सांग."

मी अकरा वर्षं डब्लिनला राहते. हॅलोविनचा जन्म इथलाच, आयर्लंडमधला, हे खरं. उन्हाळा संपून थंडीचा काळोख सुरू होतो, त्या वेळचा 'साउइन' हा जुना आयरिश सण. त्या रात्री मेलेली माणसं जवळ येतात अशी समजूत. त्यांनी ओळखू नये म्हणून मुखवटे घालायचे आणि सलगमाचा कंद कोरून आत दिवा ठेवायचा. डोनेगलमधल्या अशाच एका सलगमाचा साचा मेयोतल्या संग्रहालयात ठेवला आहे. सुरकुतलेलं, दात विचकलेलं ते तोंड पाहून माझ्या लेकीने माझा हात घट्ट धरला होता. भोपळा नंतरचा, अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांनी तिकडे स्वीकारलेला. आज तोच भोपळा इथल्या दुकानांत ढिगाने येतो आणि आमच्या शेजारच्या आजी म्हणतात, हे आमचं नाही, अमेरिकेचं आहे. काकांचंच वाक्य, फक्त उच्चार वेगळा.

काकांना मला मनापासून सांगायचंय की आपल्या दिवाळीत राक्षस नाही असं कुठे आहे? गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर पोरं जागतात, कागद-गवताचा अक्राळविक्राळ नरकासुर उभा करतात आणि पहाटे त्याला जाळतात. मी गुहागरकडची. आमच्या शिमग्यात संकासूर यायचा. अंगभर काळा पोशाख, डोक्यावर उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरं. लांबून घुंगरं वाजली की मी माजघरात आजीच्या पदराआड. एका वर्षी तो आमच्या ओटीवर टेकला, तोंडावरचं फडकं वर केलं आणि आजीने दिलेलं गुळपाणी गटागटा प्यायला. आतून निघाले आमचे रोजचे नारळ उतरवणारे तात्या! घामाने निथळत होते. माझ्याकडे बघून हसले, फडकं खाली ओढलं आणि मी पुन्हा तितकीच घाबरले. आत कोण आहे हे ठाऊक असूनही घाबरता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

2024 साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, 31 ऑक्टोबरला. पहाटे अंधारात उटणं, तेल, अंघोळ. कारीट इथे कुठून मिळणार, म्हणून काकडीचा तुकडा अंगठ्याखाली फोडला. आणि संध्याकाळी लेक ड्रॅक्युला.

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर मरिनो क्रेसेंट नावाची जुन्या घरांची ओळ आहे. रक्त पिणाऱ्या ड्रॅक्युलाची कादंबरी लिहिणारा ब्रॅम स्टोकर तिथल्या 15 नंबरच्या घरात 1847 साली जन्मला. सात वर्षांचा होईपर्यंत हा मुलगा बहुतेक अंथरुणातच होता. त्याची आई शार्लट आयर्लंडमधल्याच स्लायगो गावची, 1832 ची कॉलऱ्याची साथ तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली. आजारी लेकाच्या उशाशी बसून ती त्याला त्या साथीच्या गोष्टी सांगायची. पुढे त्याच्या सांगण्यावरून तिने त्या लिहूनही काढल्या. 1897 मध्ये आलेल्या 'ड्रॅक्युला'च्या मुळाशी आईच्या तोंडून ऐकलेली ती भीती आहे, असं मी मानते. त्या घरावरून जाताना माझी पावलं आजही मंदावतात.

लेकीला मी आधी पुस्तक वाचून दाखवलं, मुलांसाठी केलेली छोटी आवृत्ती नव्हे, मूळ पुस्तकातले उतारे निवडून. दुकानातला झगा आणि प्लास्टिकचे सुळे तिने स्वतःहून बाजूला ठेवले. कारण पुस्तकातला ड्रॅक्युला म्हातारा आहे, त्याला लांब पांढऱ्या मिशा आहेत आणि तळहाताच्या मधोमध केस आहेत! मग आम्ही कापसाच्या मिशा केल्या आणि काळ्या लोकरीचे धागे कातरून तळहातावर डिंकाने चिकटवले. शेजारच्या आजींनी दार उघडलं, "तू कोण गं?" म्हणाल्या. हिने काही न बोलता तळहात पुढे केला. आजी दचकल्या. मग आत जाऊन त्यांनी अक्रोड आणि सफरचंद आणलं. त्यांच्या लहानपणी हेच मिळायचं म्हणे, चॉकलेटं नव्हे.

आता त्या अंधश्रद्धावाल्या ताईंबद्दल. त्यांचा मुद्दा मला सगळ्यांत जड वाटतो. याच आयर्लंडमध्ये, टिपरेरीत, 1895 च्या मार्चमध्ये ब्रिजेट क्लिअरी नावाच्या तरुण बाईला तिच्या नवऱ्याने जाळलं. ही आपली बायको नाही, तिला परीलोकांनी पळवून दुसरीच ठेवली आहे, अशी त्याची समजूत. 'ड्रॅक्युला' यायच्या फक्त दोन वर्षं आधी. आणि आपल्याकडे नंदुरबारच्या सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण होते ती आजही, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा असूनही. म्हणून चेटकिणीची टोकदार टोपी मी लेकीला कधी घेऊन दिली नाही आणि वहिनीलाही तेच सांगितलं: चेटकीण, डाकीण नको. ज्या नावाने अजून जिवंत बाईला दगड बसतात, ते नाव सोंग म्हणून पोरीच्या डोक्यावर ठेवायचं नाही.

पण पुस्तकातल्या भुताची गोष्ट निराळी. त्याला लेखक असतो, साल असतं. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाईन' कादंबरीतला तो तुकडे जोडून उभा केलेला, बिननावाचा जीव 1818 चा, कुणीतरी बसून विचार करून लिहिलेला. ज्या मुलाला हे ठाऊक आहे ते घाबरेल, पण उद्या कुणा म्हातारीकडे बोट दाखवून 'ही करणी करते' म्हणणार नाही. फडकं वर केल्यावर तात्या दिसतात, तसंच हे. भूत माणूस घडवतो, हे मुलाच्या हाताला कळतं. नुसता चारशे रुपयांचा मुखवटा पाकिटातून काढून चढवला तर यातलं काहीच कळत नाही. माझा विरोध आहे तो त्या पाकिटाला.

वहिनीला म्हटलं, करा, पण प्रत्येक मुलाने आपण कोणत्या गोष्टीतले ते सांगायचं. आणि आपल्याकडचे कुठे गेले? खवीस, मुंजा, झोटिंग, ब्रह्मराक्षस... पोरं घाबरतील म्हणून आपणच त्यांच्या गोष्टी सांगणं थांबवलं. वेताळाला तर सोमदेवाने 11 व्या शतकात 'कथासरित्सागरा'त जागा दिली आणि रिचर्ड बर्टनने 1870 साली त्याच्या गोष्टी इंग्रजीत नेताना त्याला चक्क व्हँपायर, म्हणजे ड्रॅक्युलासारखं रक्त पिणारं भूत, म्हटलं, स्टोकरच्या सत्तावीस वर्षं आधी.

हे मी फोनवर बोलत होते आणि लेक ऐकत होती. रात्री तिने 'चांदोबा'तलं ते चित्र मागून घेतलं, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला राजा. यंदा तिला वेताळ व्हायचंय. फक्त वेताळाला खांद्यावर घेणारा विक्रम लागतो, आणि तिचा भाऊ अजून तयार नाही. तो म्हणतो, आधी गोष्ट सांग, मग ठरवतो. काल पहिली सांगितली, चोवीस उरल्यात.