‘काही नाही’ कसं म्हणावं

पुरुषाला आयुष्यात फार शब्द लागत नाहीत. दोन पुरतात : ‘काही नाही’. तेवढे नीट म्हणता आले की बाकीचं पुरुषपण मागोमाग चालत येतं.

पद्धत अशी. “काय झालं?” असं घरातल्या कुणी विचारलं की आधी मोबाइलमध्ये बघायचं, मग किंचित थांबून ‘काही नाही’ म्हणायचं. फार थांबलात तर संशय येतो. अजिबात थांबला नाहीत तर खात्रीच पटते. हा अंदाज यायला वर्षं लागतात, पण चार-पाच वर्षांचे असताना “मुलींसारखा रडतोस काय?” ही शिकवणी लागलेली असते, त्यामुळे आपला पाया पक्का असतो. एवढं करूनही डोळ्यांत पाणी आलंच, तर कचरा गेला म्हणा. तुमच्या वडिलांच्या डोळ्यांतही तोच जायचा.

राग मात्र खुशाल करा. राग ही भावना नव्हेच, तो स्वभाव. नोकरी जाईल अशी भीती वाटते? दार आपटा. आई गेल्याचं सहा महिन्यांनीही पचत नाही? रिमोट जागेवर नाही म्हणून घर डोक्यावर घ्या. भीती नि दुःख दाखवणारा माणूस कमकुवत ठरतो, आरडाओरडा करणारा कडक. मानसोपचारतज्ज्ञ सांगतात की पुरुषांमधलं नैराश्य पुष्कळदा चिडचिड, दारू, बेफाम गाडी चालवणं किंवा रात्रंदिवस काम अशा वेषात येतं. सांगू द्या. आपल्याकडे या शेवटच्याला ‘मेहनती आहे हो’ म्हणतात आणि बढती देतात.

दुखणं सांगावंसंच वाटलं तर पाठीचं सांगा. पाठ हा मर्दानी अवयव आहे, तिला दुखायची परवानगी आहे. डोकं दुखलेलं चालतं, पित्त झालेलं चालतं. झोप लागत नाही हेही चालेल, फक्त का लागत नाही ते सांगायचं नाही. डॉक्टरने “काही टेन्शन आहे का?” असं विचारलं, तर उत्तर तुम्हाला पाठ आहेच.

आता थोडे आकडे, कारण पुरुषाला आकडे कळतात असं म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार नैराश्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आहे. त्याच संघटनेने २०२१ साली जगभरात सुमारे ७ लाख २७ हजार आत्महत्यांचा अंदाज दिला, आणि त्यात पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुपटीहून अधिक. म्हणजे निराश त्या, आणि मरतो आपण. हे गणित सोडवत बसू नका. कागदोपत्री आपण ठणठणीत आहोत, तेवढं पुरे.

(१९ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय पुरुष दिन असतो. त्या दिवशी ‘असा दिवस असतो होय?’ हा विनोद पुढे पाठवून द्यायचा. एरवी मनातलं काही पाठवायची वेळ येत नाही, तर निदान हे.)

राहता राहिले मित्र. वीस वर्षांची मैत्री असावी, आणि त्याच्या गाडीचं मायलेज सोडून त्याच्याबद्दल काही ठाऊक नसावं. याला घट्ट मैत्री म्हणतात. त्याचा घटस्फोट झाला हे तिसऱ्याकडून कळलं, तर भेटल्यावर विषय काढू नका. पाठीवर एक थाप मारा, जरा जोरात. त्यात सगळं आलं, असं आपण दोघांनीही समजायचं.

आणि कधी असं होईल की रात्री साडेअकराला त्याचा फोन येईल. एरवी मेसेजलाही दोन दिवसांनी उत्तर देणारा माणूस. तुम्ही विचाराल, “काय रे, एवढ्या रात्री?” तो किंचित थांबेल. मग म्हणेल, “काही नाही, सहज केला.” तुम्ही या विद्येतले जुने जाणकार, ते थांबणं तुमच्या कानाला बरोबर कळेल. अशा वेळी घाबरून जायचं नाही. नवी गाडी कशी चाललीय ते विचारायचं. चार मिनिटं तो मायलेज सांगेल. मग “बरं, ठेवतो” म्हणेल, पण लगेच ठेवणार नाही.

तुम्ही ठेवा.