पुलमन, मॉस्को आणि मोडलेली पॅक-१२

४ ऑगस्ट २०२३ च्या सकाळी पॅक-१२ या अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या क्रीडागटात उरलेल्या नऊ विद्यापीठांच्या प्रमुखांनी ॲपलबरोबरच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या करारावर शिक्कामोर्तब करावं, अशी अपेक्षा होती. दिवस मावळेपर्यंत त्यातली पाच निघून गेली. वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेन या दुसऱ्या गटात, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी वर्षभर आधीच रामराम ठोकला होता, कोलोरॅडोनं आठवडाभर आधी. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीनंही एसीसीची (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची) वाट धरली. मागे उरली दोन: कॉर्व्हॅलिसची ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनची वॉशिंग्टन स्टेट.

मी पुलमनला शिकले. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

इथल्या कॉलेज खेळांशी संबंध नसलेल्या मंडळींसाठी थोडक्यात. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी भारतीय विश्वविद्यालय संघ विभाग पाडतो. पुणे, मुंबई पश्चिम विभागात, विषय संपला. उद्या जास्त पैसे मिळतात म्हणून पुणे विद्यापीठाला पूर्व विभागात जाता येत नाही. अमेरिकेत विद्यापीठं आपापसात ठरवून गट बांधतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. वर्षानुवर्षं त्याच संघांशी खेळायचं, विजेता ठरवायचा, टीव्हीचे पैसे वाटून घ्यायचे. गटात कोण असणार आणि कोण नसणार, हे सदस्यच ठरवतात. सगळं दुखणं इथेच आहे.

पॅक-१२ चा जन्म २ डिसेंबर १९१५ चा, पोर्टलंडच्या इम्पीरियल हॉटेलातल्या बैठकीतला. तेव्हाचं नाव पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स. चार संस्थापक: बर्कली, वॉशिंग्टन, ओरेगन आणि आजची ओरेगन स्टेट. १९१७ मध्ये वॉशिंग्टन स्टेट आली, पुढच्या वर्षी स्टॅनफर्ड. १९२२ मध्ये यूएससीबरोबर आयडाहो आली, मग मॉन्टॅना, आणि १९२८ मध्ये यूसीएलए. या यादीतली आयडाहो लक्षात ठेवा.

आयडाहो विद्यापीठ आयडाहो राज्यातल्या मॉस्को नावाच्या गावात आहे आणि मॉस्को पुलमनपासून जेमतेम आठ मैलांवर. मध्ये राज्याची हद्द आणि गव्हाच्या टेकड्या. हा सगळा पलूस प्रदेश. इथे मसूर आणि काबुली चणा इतका पिकतो की पुलमनला दर ऑगस्टमध्ये मसुराचा उत्सव भरतो. (घरून मसुराची डाळ घेऊन येणाऱ्या आम्हा पोरांना पहिल्या वर्षी याचा केवढा आनंद झाला होता!) या दोन गावांत एक जुनी प्रथा होती. अमेरिकन फुटबॉलचा सामना जो हरेल, त्याच्या विद्यार्थ्यांनी जिंकणाऱ्याच्या गावापर्यंत चालत जायचं. १९५४ मध्ये आयडाहोनं कित्येक वर्षांनी बाजी मारली, तेव्हा पुलमनची पोरं मोठ्या संख्येनं मॉस्कोपर्यंत चालत गेली. शेजाऱ्याशी हरणं-जिंकणं किती जिव्हाळ्याचं असतं, हे मला त्या आठ मैलांच्या रस्त्यावरून जाताना नेहमी जाणवायचं.

१९५६ मध्ये मोठ्या विद्यापीठांच्या खेळाडूंना गुपचूप पैसे दिले जात असल्याची प्रकरणं बाहेर आली, शिक्षा झाल्या, भांडणं विकोपाला गेली आणि १९५९ मध्ये कॉन्फरन्स बरखास्त झाली. लगेच नवी उभी राहिली: बर्कली, वॉशिंग्टन, यूसीएलए, यूएससी आणि पाठोपाठ स्टॅनफर्ड. म्हणजे ज्यांच्यामुळे जुनी मोडली त्यांतलीच बरीचशी. बाहेर राहिल्या वॉशिंग्टन स्टेट, ओरेगन, ओरेगन स्टेट आणि आयडाहो. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये आत घेतलं, ओरेगनच्या दोघींना १९६४ मध्ये. आयडाहोला कधीच नाही. तिनं १९६३ मध्ये इतरांबरोबर बिग स्काय कॉन्फरन्स काढली.

पुढची नावं आकड्यांची. १९६८ मध्ये पॅक-८, १९७८ मध्ये ॲरिझोनाच्या दोघी आल्यावर पॅक-१०, २०११ मध्ये कोलोरॅडो आणि युटा आल्यावर पॅक-१२.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती जोड्यांची. पॅक-१० मध्ये पाच जोड्या होत्या: सिॲटल-पुलमन (वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट), युजीन-कॉर्व्हॅलिस (ओरेगन आणि ओरेगन स्टेट), बर्कली-स्टॅनफर्ड, लॉस एंजेलिसच्या दोघी आणि ॲरिझोनाच्या दोघी. बास्केटबॉलचा संघ गुरुवारी जोडीतल्या एकीकडे खेळायचा, शनिवारी दुसरीकडे, आणि रविवारी घरी. एका फेरीत दोन सामने, सोमवारी मुलगी वर्गात. व्हॉलीबॉललाही हीच पद्धत उपयोगी पडायची. ज्या कुणी हे वेळापत्रक बसवलं, त्याला खेळाडू हा आधी विद्यार्थी आहे याची जाण होती.

आता स्टॅनफर्डची व्हॉलीबॉलपटू अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळते. पॅसिफिकच्या काठावरून बॉस्टनला जाते, मायामीला जाते. सिॲटलची मुलगी न्यू जर्सीला रट्गर्सशी आणि मेरीलँडला तिथल्या विद्यापीठाशी खेळायला जाते. या मुलींच्या सामन्यांसाठी कुणी टीव्हीवाल्यानं अब्जावधी डॉलर मोजलेले नाहीत. मोजलेत ते फुटबॉलसाठी. फुटबॉलचा संघ हंगामात डझनभर सामने खेळतो, तेही बहुतेक शनिवारी, त्याला लांबचा प्रवास झेपतो. बाकीच्यांना त्याच्या मागे फरफटत का नेलं?

पैशाची बाजू मला कळत नाही असं नाही. पॅक-१२ नं २०१२ मध्ये स्वतःची वाहिनी काढली, पूर्ण मालकी स्वतःची ठेवली आणि डायरेक्टीव्ही या मोठ्या उपग्रह टीव्ही कंपनीशी कधी करारच जमला नाही, त्यामुळे लाखो घरांत सामने दिसलेच नाहीत. बिग टेनशी तफावत वाढत गेली. बर्कलीच्या जलतरणपटूंचा तलाव शेवटी फुटबॉलच्या पैशावर चालतो, हेही खरं. पण सौदे तरी काय पदरात पडले ते बघा. बर्कली आणि स्टॅनफर्ड यांनी एसीसीत पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला फक्त ३० टक्के वाटा घेण्याचं कबूल केलं. यूसीएलएच्या जाण्यानं बर्कलीचं नुकसान झालं म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्सनी (नियामक मंडळानं) यूसीएलएला वर्षाला १ कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले, तीन वर्षं. दोन्ही विद्यापीठं एकाच सरकारी व्यवस्थेतली, रीजंट्स तेच. भरपाई ठरवण्याचा अधिकार त्यांना होता, तर बाकीचे खेळ शेजारीच ठेवा असं सांगण्याचाही होता.

आणि हे अशक्य मुळीच नाही. नोत्र दाम विद्यापीठाचे बहुतेक खेळ एसीसीत आहेत, फुटबॉल मात्र स्वतंत्र. खुद्द आयडाहोनं २०१४ ते २०१७ या काळात फुटबॉल दूरच्या सन बेल्ट कॉन्फरन्समध्ये खेळलं आणि बाकीचे खेळ जवळच्या बिग स्कायमध्ये. पुढे फुटबॉलही बिग स्कायमध्ये परत आणलं. माझी मागणी तेवढीच आहे. फुटबॉल जिथे पैसा आहे तिथे जाऊ दे, पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, फुटबॉलपेक्षा कितीतरी जास्त मुलामुलींना सामावणारे सगळे खेळ किनाऱ्यावरच्या जुन्या जोड्यांमध्ये परत आणा.

उरलेल्या दोघींनी हात टेकले नाहीत, याचा मला फार अभिमान आहे. कॉन्फरन्सचा कारभार कुणाच्या हाती, यावर त्या पुलमनच्याच व्हिटमन काउंटीतल्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला. मग त्यांनी बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि फुटबॉल न खेळणारी स्पोकॅनची गोन्झागा यांना बोलावलं. १ जुलै २०२६ पासूनची नवी पॅक-१२ ती हीच. गोन्झागा १९६३ मध्ये आयडाहोबरोबर बिग स्कायची संस्थापक होती. आयडाहोला मात्र याही वेळी बोलावणं नाही, आणि १९५९ मध्ये स्वतःही बाहेर राहिलेल्या आमच्या माणसांनी एवढ्यात विसरावं अशी ही गोष्ट नव्हती.

पुलमनची लोकसंख्या साधारण ३३ हजार आणि स्टेडियमही साधारण तेवढ्याच माणसांचं. सामन्याच्या शनिवारी गावातल्या हॉटेलांत खोली मिळत नाही. विद्यापीठाच्या डेअरीतून पत्र्याच्या डब्यातलं कूगर गोल्ड चीज घ्यायला जुने विद्यार्थी रांग लावतात. अशा गावाचा गल्ला सिॲटलहून येणाऱ्या पाहुण्यांवर चालतो. ॲपल कप, म्हणजे वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट, १९०० पासून चालत आलेला सामना, निदान काही वर्षांपुरता करार करून वाचवला. २०२४ मध्ये तो सप्टेंबरमध्ये सिॲटलला झाला आणि आम्ही २४-१९ नं जिंकलो.

बिग टेनचे सध्याचे टीव्ही करार २०३० मध्ये संपतात, बिग ट्वेल्व्हचे त्यानंतर वर्षभरात. वॉशिंग्टन, ओरेगन, कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात राहणाऱ्या, तिथे कर भरणाऱ्या, ज्यांची मुलं या विद्यापीठांत शिकतात किंवा शिकणार आहेत अशा आपल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे: आपल्या राज्याच्या आमदारांना आणि विद्यापीठाच्या रीजंट्सना आत्ताच लिहा. पुढच्या सह्या होण्याआधी फुटबॉल आणि बाकीचे खेळ वेगळे करण्याचा ठराव जाहीर बैठकीत मांडा म्हणावं. त्या बैठकांत लोकांना बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो. मी माझं नाव देणार आहे.