यादीत हसू कुठे आहे?

९ ते १२ वयाच्या मुलांसाठी तुम्ही दिलेली मराठी पुस्तकांची यादी वाचली. शौर्य आहे, साहस आहे, शास्त्रज्ञ आहेत. खदखदून हसवणारं एकही नाही! म्हणून इंदूरहून थोडी भर घालते.

इथल्या मराठी घरांतली बरीच मुलं शाळेत हिंदी-इंग्रजीच वाचतात. देवनागरीमुळे अक्षरं अडत नाहीत, पण पानभर वर्णन आलं की पुस्तक मिटलंच. चटपटीत संवाद असले की गाडी पळते. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' म्हणूनच चालतो: पोरगा उपद्व्यापी पण मनाचा चांगला, आणि प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, कुठूनही उघडा. राजीव तांबे यांची 'प्रेमळ भूत' मालिकाही तशीच. माझा भाचा भुताची वाक्यं घोगऱ्या आवाजात वाचतो. परवा पोहे खाताना आजीला ठसकाच लागला.

ही काही कालची पुस्तकं नव्हेत, मान्य. ताज्या गोष्टींसाठी 'किशोर' आणि 'वयम्' या मुलांच्या मासिकांचे दिवाळी अंक बघा. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्यांची मोठीच सोय.

आणि हो, पुढच्या यादीत 'यातून काय शिकाल' हा रकाना नसला तरी चालेल.